कमानीवर घोसाळं

कमान ही सर्वस्वी माझी हौस. निवृत्तीनंतर आम्ही विचुंब्याला रो हाऊस घेतलं, तेव्हाच मी जाहीर केलं होतं की फाटकाशी वेलीची कमान होणार. नवरा म्हणाला, "आपण राहायला जातोय की लग्नाचा हॉल काढतोय?" मी लक्ष दिलं नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, फ्लॅटच्या खिडकीत चार कुंड्या जगवल्या. आता कुठे पावलापुरती जमीन वाट्याला आली होती, तर ती मी माझ्या मनासारखी वापरणार होते. फॅब्रिकेटरकडून लोखंडी कमान करून घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि मग वेल कुठला लावायचा यावरून आमच्या घरात पंधरा दिवस महाभारत झालं.

नवऱ्याला बोगनवेल हवी होती, कारण तिच्यासाठी काही करावं लागत नाही. मी म्हटलं, काटे आहेत तिला, येणाऱ्याजाणाऱ्याचे पदर कोण सोडवत बसणार? गोकर्ण त्याला किरकोळ वाटली. संक्रांतवेल दोघांनाही आवडायची, पण ती महिनाभर फुलणार आणि उरलेलं वर्ष नुसती पानं दाखवणार. लसूणवेलीची जांभळी फुलं देखणी, पण पान चुरगळलं की फोडणीचा वास. शेवटी एका बाजूला मधुमालती, दुसऱ्या बाजूला कृष्णकमळ असा तह झाला. पळस्प्याजवळच्या नर्सरीतून दोन्ही रोपं आली, सोबत लाल मातीची आणि शेणखताची पोती.

मी खड्डे काढत होते तेव्हा समोरचे काका रस्ता ओलांडून आले. समोर त्यांच्या मुलांचा तीन मजली बंगला आहे. आमची रो हाऊसं उभी आहेत ती जमीन पूर्वी त्यांची भातशेती होती, एवढं मला बिल्डरच्या माणसाने सांगितलेलं. बाकी ओळख हात वर करण्यापुरतीच.

"बाय, यावर काय चढवनार?"

"फुलं," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. आत राख होती आणि राखेत काळ्या बिया. "घोसाल्याचं बी हाय. आमच्या म्हातारीचं. तिनी चिरनेरवरून म्हायेरचं आनलेलं. दर साली लावायची, दर साली नवीन काढून ठेवायची."

म्हातारी म्हणजे काकू. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या मागे मुलांनी गाड्या लावायला सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. काकांनी गच्चीवर टबात बी लावून बघितलं, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा उन्हाने करपलं. "नऊ बिया रायल्यान. बी जुनी झाली का उगवत नाय. यंदा मातीत नाय गेली तर संपली." आणि कमानीकडे बघत, "तुमच्या कमानीला एका बाजूनी चढवली तर?"

आता मला सांगायला लाज वाटते, पण मी म्हटलं, "काका, ही कमान आहे, भाजीचा मांडव नाही. येणाऱ्या पाहुण्याच्या टाळक्यावर घोसाळी आपटणार का?"

"बरं, बाय," म्हणाले, बाटली खिशात घातली आणि गेले.

नवरा व्हरांड्यातून सगळं ऐकत होता. "एवढं फाडकन बोलायची काय गरज होती?" मी त्यालाही फाडकन बोलले. तोंडाने मी आयुष्यभर मार खाल्लाय, तरी ते सुधारत नाही.

होळीपर्यंत दोन्ही वेल मेले. आधी कृष्णकमळ पिवळं पडलं, मग मधुमालतीने माना टाकल्या. मी औषधं मारली, खत वाढवलं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. "मधुमालती मारून दाखवायलासुद्धा अक्कल लागते," नवरा म्हणाला आणि त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. पुन्हा मधुमालती आणली. तीही गेली.

तिसरं रोप उपटत होते तेव्हा काका पुन्हा आले. इतक्या दिवसांत त्यांनी बियांचा विषय काढला नव्हता. खाली बसले, अंगठ्याने माती दाबून बघितली. "बाय, हा भराव हाय."

"काका, मी चांगली लाल माती घातलीये. पोतीच्या पोती."

"ती वरची. कुंडीभर. झाडाची मुली खाली गेली का काय मिलतं तिला? डेबरीज."

मी विज्ञानाची शिक्षिका. मुळं, मातीचे थर, पाण्याचा निचरा, सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलेलं. आणि माझ्याच फाटकाशी खाली काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही. इथे सगळी शेतं भराव टाकूनच उंच केलेली, हे शेंबडं पोरही सांगेल!

दुसऱ्या दिवशी काका घरून पहार घेऊन आले. नवरा आणि ते, दोघांनी दोन सकाळी कमानीच्या डाव्या पायाशी खणलं. फरशीचे तुकडे निघाले, सिमेंटची फाटकी गोणी, मुरूम, कडाप्प्याचा कोपरा, एक निळी स्लीपर. खड्डा मांडीएवढा झाला आणि पहारीचा आवाज बदलला. खाली काळपट, चिकट माती होती. काका खड्ड्यात उतरले. एक ढेकूळ उचललं, बोटांनी मळलं, नाकाशी नेलं.

"ही आमची," म्हणाले. मग वर बघून, अगदी सहज, "तुमचा सैपाकघर हाय ना, तिथून बांध जायाचा. त्या बांधावर ती घोसाली लावायची."

जमीन आम्ही रीतसर घेतली होती, त्यांनीही रीतसर विकली होती, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तरी मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने बांध विकला त्याला मी दोन हात जागा नाही म्हणाले होते.

"काका, ते बी आणा," मी म्हटलं.

"आनि फुलं?"

"खड्ड्यात गेली फुलं."

काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी खालची माती वर काढली, त्यात शेणखत आणि पालापाचोळा घातला आणि खड्डा भरून वर उंचवटा केला, कारण वेलाच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. पाऊस स्थिरावल्यावर नऊच्या नऊ बिया रात्रभर भिजवून लावल्या. मी म्हटलं होतं, चार लावू, पाच ठेवू. "ठेवून मरतील," काका म्हणाले. ते दिवसातून चारदा येऊन बघायचे. आठ दिवस काही नाही. मी एक जागा उकरून बघितली, बी कुजलेलं. दुसऱ्या जागी मुंग्या. काकांनी येणं कमी केलं, आणि तेच मला जास्त लागलं. दहाव्या दिवशी सकाळी एक कोंब मातीला डोकं लावून वाकलेला दिसला. नऊतला एक. मी गाऊनवरच रस्त्यापलीकडे धावले.

त्या एका कोंबाला आम्ही तिघांनी जे जपलं, तेवढं आमच्या मुलीलाही जपलं नसेल. गोगलगायी लागू नयेत म्हणून टोपली झाकायची, सुतळी बांधायची, पाणी साचलं की वाट काढून द्यायची. श्रावणात वेल कमानीच्या डोक्यावर पोचला. पिवळी फुलं आली, आणि एक दिवस फुलामागे करंगळीएवढं घोसाळं. "काका, ते बघा!" मी बोट केलं.

"बोट नको दावू! कुजंल ते. वाकवून दाव."

फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं म्हणे. मी त्यांना परागीभवनावर एक छोटं व्याख्यान दिलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तरी पन वाकवून दाव." मी वाकवलं. त्या दिवसापासून मी 'तुमी'ची 'तू' झाले.

गणपतीत काका दोन दिवस जासईला मुलीकडे गेले. गौरीजेवणाच्या दिवशी मी बघितलं तर घोसाळं हातभर, कोवळं, हिरवंगार. गौरीला घोसाळ्याची भजी नाहीत तर काय? मी ते कापलं, ओवा घालून भजी केली, नैवेद्य दाखवला. संध्याकाळी काका परतले तसं ताट झाकून त्यांच्याकडे घेऊन गेले. मनात म्हणत होते, बघा, मी किती समजूतदार झालेय.

त्यांनी ताटाकडे बघितलं. एक भजं खाल्लं. मग दुसरं. डोळे भरले होते. मला वाटलं, आठवणीने.

त्यांची सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "मावशी, पहिलं फळ बियाला ठेवतात. बाबा सांगून गेले होते मला, तुम्हाला सांग म्हणून. पाहुण्यांच्या गडबडीत माझ्याच डोक्यातून गेलं."

मी घरी येऊन बेसिनशी उभी राहिले आणि रडले. नवरा म्हणाला, येतील अजून. पण वेल एकच होता, बाटली रिकामी होती, आणि मी त्या बाईचं बी तळून खायला घातलं होतं. दुसऱ्या दिवशी काका आले, मी काही बोलायच्या आत म्हणाले, "भजी चांगली झालती. ओवा ती पन घालायची." बस. एक शब्द जास्त नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे पंधरा दिवस झोडपून पाऊस. फळं धरायची, पिवळी पडायची, गळायची. चौथं गळालं तेव्हा माझी ट्यूब पेटली. पावसात मधमाश्या फिरकत नव्हत्या, मग परागकण कोण नेणार? मी रोज उजाडता छत्री धरून स्टुलावर चढायचे, नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावायचे. काका खालून स्टूल धरून म्हणायचे, "एवड्या वर्सांत घोसाल्याचं लगीन लावताना कोनाला बगितला नाय." मी म्हटलं, "मंगलाष्टकं म्हणा तुम्ही." तीन दिवसांनी एक फळ टिकलं. वाढलं. त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही, वाकड्या बोटानेसुद्धा नाही.

मार्गशीर्षात ते तपकिरी होऊन वाळलं. काकांनी कानाशी हलवलं. आत खुळखुळ वाजलं. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसून टोक मोडलं आणि माझ्या ताटलीत उपडं केलं. काळ्या, चकचकीत, भरपूर बिया. मी ताटली त्यांच्यापुढे केली.

"तू ठेव," ते म्हणाले.

"काका, तुमच्या घरचं बी आहे."

"माज्याकडं माती कुठं हाय? बी माती असंल त्याच्याकडं ऱ्हावं."

काहीतरी द्यावं म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "पुढच्या वर्षी कमानीच्या दोन्ही बाजूंनी घोसाळंच चढवू. काकूंचंच."

त्यांनी मान हलवली. "नको. एका बाजूनी जाई लाव."

"जाई?"

"ती मागायची. लगीन झाल्यापासून मागायची, दाराशी एक जाई लावू या. मी बोलायचो, जाई काय शिजवून खायाची हाय का?" ते रिकाम्या घोसाळ्याकडे बघत होते. "एवडी शेती व्हती, बाय. एक वेल नाय लावू दिला तिला."

दुसऱ्या दिवशी काका आणि मी नर्सरीत गेलो. मी कुठल्याही रोपाला हात लावला नाही. काका अर्धा तास रांगांमधून फिरत होते, प्रत्येक कळीशी वाकून वास घेत होते. शेवटी माळ्याला त्यांनीच विचारलं, "दादा, यातली जाई कंची? मना वलखता येत नाय."