गेरूने न गेलेली नागीण

नागीण म्हणजे काय, हे आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला विचारावं लागत नसे. अंगावर फोडांचा पट्टा उठतो, त्याला तोंड असतं, शेपटी असते, आणि कमरेला वेढा घालून ती दोन्ही टोकं भेटली की माणूस गेलंच, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे माझ्या कुल्ल्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठला तेव्हा मी डॉक्टरकडे कशाला जाते? शेजारच्या मालवणी काकीकडे गेले. नुसती आग होत होती. बसवत नव्हतं. काकीने दार लावून बघितलं.

“गो बाय, ही नागीण. थांब, गेरू लावया.”

तिने गेरू उगाळून लावला, वर काहीतरी पुटपुटली. आठवड्याभरात फोड सुकले. “बघ, पळाली,” काकी म्हणाली. मी तिला नारळ दिला.

दिवाळीच्या आधी पुन्हा उठले. अगदी त्याच जागी. काकीने परत दार लावलं, बघितलं, आणि गेरूला हातच लावला नाही.

“नागीण त्याच जागेर परत येणा नाय गो. ह्या काय तरी दुसराच आसा.”

आणि तिने आपला हात पदराला पुसला. तेवढंच.

तेव्हा एड्सच्या पाट्या जिथे तिथे लागलेल्या. मी चारच बुकं शिकलेली, पण पाट्या वाचता येत होत्या, तेवढं पुरेसं होतं घाबरायला. गिरण्यांच्या संपाच्या काळात आमचे हे भिवंडीला मागावर कामाला होते. रविवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. गिरणी काही परत सुरू झाली नाही, हे मात्र परत आले, पुढे वॉचमनकी धरली. मध्ये इतकी वर्षं गेलेली. मी कधी काही विचारलं नव्हतं. आता मनात तेच एक घोळायला लागलं.

त्यात लेकीला सातवा लागलेला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरीच येणार. आमची एक खोली. तिथेच तिने निजायचं, तिथेच मी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. आणि मला हा असला रोग! तिला ये म्हणू, की सासरीच राहा म्हणू? काय कारण सांगू? माझी कपबशी मी वेगळी ठेवली. रात्री गॅलरीत निजायला लागले. ह्यांना वाटलं, उकडतंय बाईला.

शेवटी एकदा भाकरी थापताना विचारलंच. “अहो, भिवंडीत कधी काही... म्हणजे कुणाकडे...?”

हे भाकरीकडे बघतच म्हणाले, “मला काय झालंय? मी ठणठणीत आहे.”

“मी ते नाही विचारलं.”

“करपतेय बघ,” एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ड्युटी सोडून माझ्याबरोबर परळच्या सरकारी इस्पितळात आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. तिने नीट बघितलं, रक्त घेतलं. त्यानंतर रिपोर्ट येईपर्यंत मी जिवंत होते की नाही, मला सांगता यायचं नाही. भात चिवडायचा नि सारायचा.

“एड्स नाही, मावशी,” रिपोर्ट बघून ती म्हणाली, तर मी तिथेच रडायला लागले. तिने रडू दिलं. मग समजावलं. “ह्याला हर्पिस म्हणतात. नागीण ह्याच घराण्यातली, पण ही तिची चुलतबहीण. ती अंगातून जात नाही. झोपून असते. तुम्ही दमलात, आजारी पडलात की उठते. जीव नाही घ्यायची तुमचा.”

“आली कुठून?”

“ते मला सांगता यायचं नाही. खूप जणांना असते आणि जन्मभर कळतही नाही.”

मी दारातून बाहेरच्या बाकाकडे बघितलं. हे आजही तिथेच टोपी हातात फिरवत होते. तो प्रश्न मी तिथेच सोडला. सुटला असं नाही म्हणत.

“आणि बाळ?”

“घ्या की! फोड झाकलेले ठेवायचे, हात साबणाने धुवायचे. फोड असताना नवऱ्याशी संबंध नको. जागा शिवशिवायला लागली की लगेच गोळ्या सुरू करायच्या. त्या इथूनच न्या, बाहेर महाग पडतात.” मी उठले तशी पुन्हा म्हणाली, “आणखी एक. ओठावर असे फोड असलेल्या कुणालाही तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. इतक्या लहान जिवाला ते झेपत नाही.”

लेक आली. मुलगी झाली. मी दर वेळी हात धुवायची तर लेक हसायची, “आई ऑपरेशनला निघाली!”

बारशाला खोली बायकांनी भरलेली. जावयाला बहीण नाही, म्हणून काकी म्हणाली, आत्या मी. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार. ती पाळण्यावर वाकली आणि मला तिचा ओठ दिसला. कोपऱ्यावर फोडांचा झुबका.

“काकी, थांब!”

“काय झाला?”

“तुझ्या ओठाला...”

“ताप इललो, त्याची फोडी ती. सगळ्यांका येतत.” ती पुन्हा वाकली. मी मध्ये हात घातला. काकी सरळ झाली. “माका अडवतंस? तुका कोणी सांगल्यान ह्या?”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. लेकीचीही.

“डॉक्टरीणबाईंनी,” मी म्हटलं. “माझी नागीण बघताना. ती नागीण नव्हतीच, काकी. तुझ्या ओठावर आहे तसलंच होतं ते, जागा तेवढी वेगळी.”

काकी पदर ओठावर धरून मागे सरकली. “मग तूच हो आत्या. माका काय!”

मी वाकले. माझे ओठ स्वच्छ होते, सकाळपासून आरशात कितीदा तरी बघितलेले. तरी धास्तीने नाव दोनदा चुकलं. “कुर्र्र” करत बायकांनी पाठीवर धपाटे घातले. त्यातला एक जरा जास्तच जोरात होता. तो कुणाचा, ते मला वळून बघावं लागलं नाही.