एकच काम येणारे कार्ड

“त्याला कॉम्प्युटर जमला नाही, म्हणून एका कार्डाच्या हट्टापायी त्याने चांगली नोकरी उगाच घालवली.” मुरबाडच्या स्टँडसमोर चहा पिताना आमच्या जुन्या कारखान्यातले लोक हे अजून सांगतात. खोडून काढता काढता मी थकलो. तरी पुन्हा सांगतो, हे खोटे आहे.

मी तिथे फोरमन होतो. तो इंजिनिअर, शहापूरचा, भरपूर शिकलेला आणि ते कोणाला विसरू न देणारा. आमचे कधी पटले नाही. नवे यंत्र आले की तो हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती फिरे आणि विचारी, “याला आणखी काय काय येतं?” विकणारा कौतुकाने सांगू लागला की याचे तोंड वाकडे.

कॉम्प्युटर जमला नाही म्हणता? कचेरीतला पहिला कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता. त्यावर पत्रे होत, पगारपत्रक होई, आणि मालकांची पाठ वळली की कारकुनाचा पत्त्यांचा खेळही. अडकला तर बंद करून पुन्हा चालू करायचा. कोणाचे काही बिघडत नसे.

आमच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या होत; त्या यंत्रातले इलेक्ट्रॉनिक कार्ड निराळे. तळहाताएवढे, ना पडदा, ना कळफलक. यंत्राचे दार उघडे असेल तर साचा मिटू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. दार जरा सैल राहिले तरी ते यंत्र थांबवी, आणि मालक चिडत. शेवटी त्यांनी ठरवले, कार्ड काढायचे आणि यंत्र थेट कॉम्प्युटरवर चालवायचे.

“तो कॉम्प्युटर पत्ते खेळतो, मालक,” इंजिनिअर म्हणाला.

“आणि तुझं कार्ड अडाणी आहे.”

“अडाणीच पायजे. त्याला दुसरं काय येत नाय, म्हणून त्याचं ध्यान भलतीकडं जात नाय.”

“मग त्याच्याशी लग्नच लावा,” मी म्हणालो.

“फोरमन, तुमी गप ऱ्हावा. तुमालाबी एकच काम येतं, म्हणून तर तुमच्यावर भरवसा हाय.”

इतक्या वर्षांत तो माझ्याविषयी एवढेच बरे बोलला.

मालक उठले. “एक तर कार्ड जाईल, नाहीतर तू.”

“मी जातो. कार्ड ऱ्हाऊ द्या. शब्द द्या.”

मालकांनी शब्द दिला आणि पाळला. कॉम्प्युटर यंत्राला जोडला, पण कार्ड तसेच ठेवले. इंजिनिअर नाशिककडे गेला आणि तिथेच वारला. उलट उत्तर द्यायला तो आता नाही.

तो गेल्यानंतरच्या पावसाळ्यात डोळखांबकडची एक कामगार बाई दार उघडून साच्यातली बादली काढत होती. त्याच क्षणी कॉम्प्युटर अडकला आणि त्याने साचा मिटण्याचा हुकूम सोडला. साचा जागचा हलला नाही. मी समोर उभा होतो.

‘उगाच’ म्हणणाऱ्यांनी एवढे ऐकावे. गेल्या उन्हाळ्यात मी त्या बाईच्या पाड्यावर जेवलो. नाचणीची भाकरी तिने माझ्यासमोर दोन्ही तळहातांवर थापली.