सिद्धप्पांचे अर्धे हिरवे पान

सिद्धप्पा आमचे शेजारी. सोलापूरच्या वेशीबाहेर त्यांचा पानमळा होता. आम्ही लिंगायत, आमच्यात विटाळ मानत नाहीत. गळ्यातल्या लिंगाची पूजा बाई त्या चार दिवसांतही करते. हे सिद्धप्पा परक्यांना अभिमानाने सांगत. पण विटाळशी बाई मळ्यात गेली की वेल पिवळी पडते, असे सगळे पानमळेवाले मानत, आणि तिथे सिद्धप्पाही त्यांच्यातलेच.

१९३४ च्या उन्हाळ्यात वेलींचे शेंडे पिवळे पडले. पाने न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांसमोर त्यांनी सुनेला, नीलम्माला, विचारले, "तसल्यात आत गेली हुतीस न्हवं?"

"गेले हुते की. पाणी कोण पाजणार?" ती म्हणाली. "लिंगाला चालतंय आन् तुमच्या पानाला चालत न्हाय व्हय, मामा?"

व्यापारी हसले. सिद्धप्पांनी तिला मळा बंद केला आणि शुद्धीसाठी वेलींच्या बुडाशी चुन्याची निवळी ओतली. लग्न होऊन आल्यापासून त्या वेली नीलम्मानेच बांधल्या होत्या. आता ती फाटकाकडे फिरकेना. सासऱ्याला ताट वाढी, पण बोलत नसे.

नवी पाने मात्र आणखी फिकी निघू लागली. शेवटी मी शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्यांना घेऊन गेलो. त्यांनी पाने उन्हात धरून पाहिली. जुनी हिरवी, नवी पिवळी. पण पिवळ्या पानांच्याही शिरा हिरव्याच.

"वेलीला लोह मिळत नाही," ते म्हणाले. "जमीन आधीच चुनखडीची. त्यात हा चुना कोणी टाकला?"

सिद्धप्पा मान खाली घालून म्हणाले, "मीच."

मी कापडगिरणीत कामाला होतो. तिथल्या रंगखात्यात काळ्या रंगासाठी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरत. तिथून विचारून मी थोडा आणला. अधिकाऱ्यांनी त्याचे अगदी पातळ पाणी एका पानाच्या अर्ध्या भागाला लावले. आठवड्याभरात तेवढाच भाग हिरवा झाला. मग तेच पाणी साऱ्या वेलींवर शिंपडले, चुन्याची माती खरवडून काढली, शेणखत घातले.

वेली सावरल्या, तरी सिद्धप्पा घरात कुणाकडे वर बघेनात. पुढच्या खेपेला व्यापारी जमले, तेव्हा त्यांनी नीलम्माला बोलावून ते जपून ठेवलेले अर्धे हिरवे पान तिच्या हातात दिले.

"चूक माजी हुती, पोरी. चल आत."

"आज चालंल का, ते आधी इचारा, मामा."

सिद्धप्पांचे कान लाल झाले.

"आजच चल," ते म्हणाले.

नीलम्मा फाटकातून आत गेली. सिद्धप्पा बाहेरच धोंड्यावर बसून राहिले. एका व्यापाऱ्याने पाने कधी मिळतील म्हणून विचारले.

"मला नका इचारू," ते म्हणाले. "तिला इचारा."