पोळ्याच्या दिवशी सुटीवर गेलेला कॉम्प्युटर

७ जानेवारी २०२५ रोजी पुंडलिकराव भोयर यांनी कळंबच्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकाकडून अकराशे चाळीस रुपयांना जुना कॉम्प्युटर विकत घेतला. पडदा नाही, उंदीर नाही, नुसती पेटी. रिक्षावाल्यानेसुद्धा विचारलं, "भंगारात टाकाचं हाये काय काका?"

पुंडलिकरावांनी बत्तीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले होते. पुढे रेडिओच गेले आणि दुकान उठलं, पण हाताची खाज गेली नाही. आता कारणही मोठं होतं. सून दिपाली घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची. वर्षभरात कामाच्या वेळेत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ तीनदा नेट गेलं, की पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, असा कंपनीचा नियम. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात रस्ता खोदणाऱ्यांनी दोनदा नेटची तार तोडली. तिसऱ्यांदा गेलं असतं तर सून पुण्याला, मुलगा नयन इथे शेतीवर, आणि चार वर्षांची नात कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून पुंडलिकरावांनी व्हिडिओ पाहून पाहून त्या पेटीला नेटच्या नाक्यावर बसवलं. घरात येणारी तार पेटीत, टिनाच्या छपरावर बांधलेल्या मोबाइल नेटच्या डोंगलची वायरही पेटीत, आणि तिथून एकच वायर घरात. तार मेली, की पेटी कोणाला न विचारता डोंगलवर जायची. इन्व्हर्टरवर ती सात महिने अखंड चालली. दिपालीला कधी काय तुटलं, हे कळलंही नाही. काम जमल्यावर पुंडलिकरावांनी उसना आणलेला कीबोर्ड काढून ज्याचा त्याला परत केला. पेटीला तो लागतच नव्हता.

पोळ्याच्या दिवशी तार सकाळीच मेली होती. पेटी डोंगलवर गाडा ओढत होती. साडेअकराला आतून दिपाली ओरडली, "बाबा! लाइन गेली!"

पुंडलिकराव धावत आले. पेटी थंडगार. वर हळदीची पाच बोटं, पुढ्यात पुरणपोळीचं ताट, आणि प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेला.

"नयनची माय! हे कोणं केलं?"

"म्या केलं," इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. "काल खांद शेकला न त्याचा, तूप-हळद लावून. आवतनही देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोळ्याले कोणी बैल जुपते काय?"

"अवो, तो बैल हाये काय?"

"बैल इकले तुमी, ट्रॅक्टर आनला. आता घरात रातदिवस राबते कोन? हे बापडं सात महिन्यापासून घुरघुरून राह्यलं. एक दिवस त्याले सुटी कायले नाई?"

पुंडलिकरावांना वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी प्लग लावला. पेटी घुरघुरली, एकदा चिरकली आणि गप्प बसली. जुना टीव्ही जोडून पाहिलं तर पडद्यावर लिहिलेलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. आता जे सापडतच नाही, ते दाबायचं कसं? कीबोर्ड नसला तरी सुरू हो, असं पेटीला त्यांनी शिकवलं होतं. पण आतली बटणाएवढी बॅटरी म्हातारी झाली होती. प्लग निघाला तशी पेटी शिकवलेलं सगळं विसरली.

"सहा मिनिटं गेली, बाबा," दिपाली म्हणाली. फोनला घरात एकच दांडी होती, आणि कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं काही जोडायची बंदी.

पुंडलिकराव पायात काही न घालता राजकुमार राठोडच्या सेवा केंद्रात शिरले. राजकुमार कोणाचा तरी पीकविम्याचा फॉर्म भरत होता.

"राजकुमार, कीबोर्ड दे!"

"थांबा न काका, नाव टाकून राह्यलो याचं."

"त्याचं नाव उद्यापर्यंत बदलत नाई!" म्हणत त्यांनी वायर उपटली.

परत येताना गल्लीत बैल आडवे. शिंगांना फुगे, पाठीवर झुली, आणि मधे शेजारचा उकंडा आपल्या बैलजोडीसोबत फोटो काढून घेत होता. कीबोर्ड छातीशी धरलेले पुंडलिकराव बैलांच्या मधून वाकून निघाले, तसा उकंडा म्हणाला, "भाऊ, पेटी वाजवाले चालले काय?"

वायर लावली. एफ-वन दाबलं. पेटीने खाकरून घसा साफ केला, मग सावकाश एकेक दिवा लावला. मग आतून दिपालीचा आवाज आला, अगदी ऑफिसातला, "हो सर, आता येतोय का आवाज?" चौदावं मिनिट चालू होतं.

संध्याकाळी सहाला दिपालीचं काम संपल्यावर इंदूबाईंनी पुन्हा प्लग काढला. या वेळी पुंडलिकरावांनी स्वतः काढू दिला. तेवढ्या वेळात त्यांनी आतली बॅटरीही बदलली. नवी बॅटरी पंचेचाळीस रुपयांची. आता कीबोर्ड नसला तरी चाललं असतं. पण तो परत नेऊन द्यायचा त्यांना धीर झाला नाही. राजकुमारने साडेतीनशे सांगितले. पुंडलिकरावांनी दोनशे दिले. दीडशे रुपये द्यायचे बाकी आहेत.