उपवासाला चालणाऱ्या बातम्या

रोज जाण्यायेण्याच्या गाडीत सीटखाली काय काय साठतं, ते एकदा हात घालून बघा. आमच्या खेडकर काकांच्या गाडीत मला दोन पेनं, एक कानातलं आणि कुणीच कबूल न केलेलं अर्धं बिस्किट सापडलं होतं. किस्सेही तसेच साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही. जोरात ब्रेक लागला की आपोआप पुढे येतात!

आणि आमच्याकडे ब्रेक फार लागायचे. माझ्यामुळे.

भोपाळात मिसरोदच्या आमच्या कॉलनीपासून हबीबगंजपर्यंत, ऑफिसच्या वेळेला पाऊण तास. गाडी काकांची आणि चालवायचेही तेच. मूळ नागपूरचे, ऑफिसात हेडक्लार्क, रिटायर व्हायला जेमतेम पाच महिने उरलेले. त्यांच्या शेजारी फैजान, आमचा ड्राफ्ट्समन, पक्का भोपाळी. मागे आवक-जावक टेबलच्या नीलाताई, म्हणजे उपास-तापासांतलं सुप्रीम कोर्ट. आणि त्यांच्या शेजारी मी, ऋता. एम.एस्सी. मांडीवर मोबाइल, आणि मोबाइलमध्ये जगभरातलं जे जे वाईट, ते सगळं.

*

एके दिवशी मी "आई गं!" करून ओरडले. काकांनी भर होशंगाबाद रोडवर करकचून ब्रेक मारला. मागच्या तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले, एका स्कूटरवाल्याने आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

"काय होतं? कुत्रं?" काकांचा आवाज चिरकला होता.

"ज्वालामुखी," मी म्हटलं.

फैजानने खिडकीतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "किधर, मैडम?"

"पॅसिफिकमधल्या एका बेटावर."

काकांनी शांतपणे गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. "पोरी, तिथं पोचायला आपल्याला अजून टाइम आहे ना?"

*

पण त्या संध्याकाळी काका सीरियस झाले. "मी कार्तिकात रिटायर होऊन राहिलो. मग तू ऑफिसला कशी येशील?"

या प्रश्नावर मी रोज विचार करायचे. बसबद्दल मी वाचलं होतं. ऑटोबद्दलही वाचलं होतं. बाबांनी घेऊन दिलेली स्कूटी वर्षभर कव्हरखाली होती, कारण स्कूटीबद्दल तर फारच वाचलं होतं. नोकरी सोडावी लागेल, असं मी आईला सांगूनही टाकलं होतं.

"गाडी इथंच राहील. चालवणारा पाहिजे," काका म्हणाले. "मी शिकवतो. पण आधी ते मेल्या-गेल्याचं वाचन बंद! डोक्यात ज्वालामुखी घेऊन क्लच सुटत नसते."

नीलाताईंनी लगेच मुहूर्त काढला. "परवा आषाढी एकादशी. लोक कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. आपण चातुर्मास वाईट बातमी सोडू. चौघांनीही!"

"ताई, हमारा रोजा तीस दिन का होता है," फैजान म्हणाला. "चार महीने थोडा ज्यादा नहीं हो गया?"

"तुला जमणार नाही असं सांग."

"मुझे जम जाएगा," त्याने मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. "इनका सोच लो."

एकादशीला गाडीतच बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन संकल्प सोडला. गाडीत बसलं की चारही मोबाइल नीलाताईंच्या लाडवाच्या डब्यात. घरी आपापल्या इमानावर.

*

दुसऱ्याच दिवशी माझी बोटं शिवशिवायला लागली. "ताई, फराळाचं काही चालत असेल ना?"

नीलाताईंनी डोळे मिटून निकाल दिला. "सोन्याचा भाव म्हणजे साबुदाणा. चालतो, पण पचायला जड. हवामान म्हणजे भगर. खुशाल घे. पण त्यात वादळ आलं की लसूण पडला समज."

"अन् क्रिकेट?" काकांनी घाबरत विचारलं.

"जिंकलो तर राजगिरा. हरलो तर मटण."

फैजानने उसासा टाकला. "मतलब हारने में ही मजा है!"

*

श्रावणात माझा नेम मोडलाच होता. तोही मोबाइलशिवाय!

ऑफिसखाली पोहे-जिलबी घेतली. कागद उलगडला, तर तो जुना पेपर. वर ठळक अक्षरात अर्धीच ओळ : 'पुल पर अचानक...' पुढे कागद फाटलेला.

पुलावर अचानक काय? कुठला पूल? आम्ही रोज त्याच्यावरून जातो तो? जिलबी तशीच राहिली. दोन तास कसेबसे काढले आणि खाली ठेल्यावर गेले. "भैया, इसका बाकी का आधा कहाँ है?"

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "मैडम, वो तो समोसे के साथ चला गया."

"किसके पास?"

"तीसरी मंजिल. बडे साहब."

साहेबांच्या केबिनबाहेर मला नीलाताईंनी दंडाला धरून पकडलं. मी आत जाऊन काय मागणार होते, हे मला आजही सुचत नाही.

*

त्यानंतर नीलाताईंनी नियम कडक केला. रोज प्रत्येकाने एक चांगली बातमी आणायची. बाहेरून नाही, घरातली.

फैजान म्हणाला, "आज अम्मी ने करेला नहीं बनाया." टाळ्या!

काका म्हणाले, "बायको आज माझ्या जोकवर हसली. जोक नव्हता, पण हसली."

माझी पाळी आली. मी खूप आठवलं. "आज... काहीच झालं नाही."

"घ्या!" नीलाताई म्हणाल्या. "बाईसाहेब सुधारताहेत!"

*

रविवारी मिसरोदच्या मागच्या मोकळ्या मैदानात काका मला गाडी शिकवायचे. मी इंडिकेटर द्यायला गेले की वायपर सुरू व्हायचे. दुसऱ्या गिअरच्या पुढे मी कधी गेलेच नाही. तिसऱ्यात गाडी 'ऐकत नाही' असं माझं ठाम मत होतं.

एकदा मी दचकून ब्रेक मारला. पुढे काळं काहीतरी सरपटत गेलं होतं.

काकांनी खाली उतरून पाहिलं, मग वर पाहिलं. "पोरी, घारीची सावली होती. तिला आपण धडकत नसतो."

"पण काका, मी थांबले ना वेळेवर!"

"हो. घारीनं आभार मानलेत तुझे."

तरी लायसन्स मिळालं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, इतकं सावकाश चालवलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं.

*

कार्तिकी एकादशी झाली, आणि त्याच आठवड्यात काकांचा निरोप समारंभ. नेमाचं उद्यापन आम्ही त्याच दिवसावर ठेवलं होतं. हार, श्रीफळ, भाषणं आटोपली आणि काकांनी सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात ठेवली. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला सरप्राइज द्यायचं होतं.

काका पुढे, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून. मागे नीलाताई, हात जोडून. त्यांच्या शेजारी फैजान, डोळे गच्च मिटून. हबीबगंज ते मिसरोद, अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. पण आणली! कॉलनीपर्यंत आणली!

फक्त काकांचं फाटक अरुंद. ते जवळ आलं की माझी छातीच व्हायची नाही, आणि मी सरळ पुढे. बागेला वळसा घालून परत फाटक, परत सरळ पुढे. अंधारून आलं होतं. चौथी फेरी चालू होती, तेव्हा नीलाताई म्हणाल्या, "झालं बाई उद्यापन!" आणि त्यांनी डबा उघडला. चार महिन्यांत पहिल्यांदा गाडीत मोबाइल वाजला.

"कॉलनीचा ग्रुप," त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. "सावधान! एक जुनी गाडी बागेभोवती सारख्या फेऱ्या मारत आहे. वेग अतिशय संशयास्पद. आतल्या लोकांना जबरदस्तीने नेत असावेत. एक म्हातारे गृहस्थ सुटायची धडपड करत आहेत, एक बाई हात जोडून विनवत आहेत, एक मुलगा बेशुद्ध. चालवणारीचा चेहरा पाहून भीती वाटते. मुलांना आत घ्या!"

खाली आईचा मेसेज : "ऋता, कुठे आहेस? आत्ता कॉलनीत येऊ नकोस!"

ती गाडी कुठे दिसते का, म्हणून मी आरशात पाहिलं. आमच्या गाडीत तीन माणसं होती, माझ्या भरवशावर.

"काका, काचा वर करा!" मी म्हटलं. "कोणी घाबरू नका. मी आहे!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिसरा गिअर टाकला.