दस्तगीरनं स्वस्तात आणलेलं इंजिन

दस्तगीर गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. मुलगा सिद्राम कामावर गेला होता आणि सून महादेवी भाजी आणायला उतरली होती. ती उतरताना बाहेरून कडी लावते. मी वॉकर घेऊन जिन्यापर्यंत गेलो आणि पडलो तर, अशी तिला धास्ती. भोंग्यावर आधी खरखर झाली, मग त्याचं नाव आलं, त्याच्या बापाचं नाव आलं, गल्लीचं नाव आलं, आणि मिट्टी, म्हणजे दफन, दुपारच्या नमाजानंतर असं सांगून भोंगा बंद झाला. मी खाटेवर बसलेलो. उठून जाणार कुठं... दाराला कडी, आणि कडी नसती तरी खाली तीन मजले.

दुपारी त्याच्या मुलानं, अल्ताफनं, प्लॅस्टिकची खुर्ची देऊन चार पोरं वर धाडली. "चाचा, बसा, आमी नेतो," म्हणाली. दोन वर्षं मी जे सगळ्यांना ऐकवत आलोय तेच त्यांना ऐकवलं. मला चौघांनी उचलायचं ते एकदाच, आणि तवा मी बघायला नसनार. पोरं एकमेकांकडे बघत खुर्ची घेऊन उतरली. मग मी गॅलरीत जाळीला धरून उभा राहिलो. खालून जनाजा गेला. आमच्या पुढं नवी इमारत उठली आहे, तिच्या कोपऱ्यामुळे सगळा दिसलाही नाही. हिरवी चादर तेवढी दिसली आणि भिंतीआड गेली.

हे मी सांगतोय आणि महादेवी लिहून घेतेय. माझी शाळा चौथीत सुटली. माझ्या तोंडचं 'हाय' ती कागदावर 'आहे' करते, ते मला चालतं. पण वाक्यं माझीच ठेवायची असं बजावलंय. मला दस्तगीरबद्दल गोड गोड लिहून घ्यायचं नाही. तो तसा नव्हता आणि मीही नाही.

आमची ओळख टॉवेलच्या कारखान्यातली. मी चेकिंगला होतो. मागावरून आलेला टॉवेल उजेडाला धरायचा आणि त्याच्यावरून उलटा हात फिरवायचा. तळहात नव्हे, हाताची पाठ. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला सुटलेला धागा लागत नाही, पाठीला लगेच लागतो. खोट सापडली की तो टॉवेल बाजूला, सेकंडच्या ढिगात. आणि तो ढीग वजनावर उचलून मंगळवार बाजारात विकायचा तो दस्तगीर. मी खोट काढायची, त्यानं खोट विकायची, असा आमचा संसार. बाजारात त्याचा गाडा बघण्यासारखा असायचा. बाकीचे विक्रेते फाटका भाग घडीच्या आत दडवायचे. हा उलटा, टॉवेल उलगडून गिऱ्हाइकाच्या नाकापुढं भोक धरायचा. "ये देखो, यहाँ धागा गया. अब बोलो, अंग पुसायला भोक आडवं येतंय का?" गिऱ्हाईक हसायचं आणि चार टॉवेल घेऊन जायचं. "पहले खोट दिखानेकी, फिर माल. बादमें कोई गाली नहीं देता," असं तो म्हणायचा. इतक्या वर्षांत त्यानं कुणापासून खोट लपवलेली मी पाहिली नाही. हे पुढं लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कारखाना सुटला. सिद्रामनं रेल्वे लाइनीच्या कडेला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. पण गॅलरीतून रूळ दिसायचे म्हणून मी खूश होतो. लहानपणी मी स्टेशनात तासन् तास काळ्या कोळशाच्या इंजिनाला पाणी भरताना बघत उभा राहायचो, घरचे शोधत यायचे. मग पुढची इमारत उठली आणि रूळ झाकले गेले. त्याच पावसाळ्यात मी न्हाणीत पडलो, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली. दवाखान्यातून आलो तेव्हा मला चादरीत गुंडाळून वर चढवलं. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, त्यात बायका, पोरं, सगळे माझ्याकडं बघतायत... त्या दिवशी ठरवलं, पुन्हा असं नाही. पायानं उतरता आलं तर उतरेन. पायानं काही उतरता आलं नाही. मला फक्त इंजिनाचा भोंगा ऐकू यायचा, भिंतीपलीकडून.

दस्तगीर दर मंगळवारी यायचा. त्याला दम लागायचा. पहिल्या मजल्यावर खोकला, दुसऱ्यावर टेकणं, कठड्यावर बोटातली अंगठी वाजायची, आणि मग दारात आवाज, "क्या रे गुरू, बैठाच है अबी?" मी म्हणायचो, "तुजी वाट बगत नाचू का?" एकदा तो आला तो हातात फाटका खोका घेऊन. पेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानदारानं हौसेनं विजेवर चालणारी छोटी रेल्वे मागवली होती, रुळांसकट, हुबेहूब खऱ्यासारखी इंजिनं. सोलापुरात त्या किमतीला घेणार कोण? माल पडून राहिला, मालक वैतागला, आणि आमचा हा तिथं पोचला. खोका फाटलाय, एका डब्याचं चाक तिरकं आहे, इंजिनाचा रंग उडालाय असं एकेक दाखवत त्यानं तो सेट जवळजवळ वजनावरच उचलला. इंजिन अगदी बुटकं, खेळण्यातलं वाटणारं, पिवळा रंग टवके गेलेला. मी त्याचं नाव चिल्लर ठेवलं.

रूळ कुठं टाकायचे? खोली एवढीशी. दस्तगीर गुडघ्यावर बसला आणि माझ्या खाटेभोवतीच गोल जुळवला. बटणाचा डबा उशाशी. मी बटण पिळलं की चिल्लर दोन डबे घेऊन खाटेखालून, कपाटाजवळून, पुन्हा खाटेखालून... मी मधे. महादेवी म्हणाली, "मामा, आता तुमचं स्टेशनच झालं की." मी म्हटलं, "स्टेशनात मानूस थांबून निघून जातो, पोरी. मी हितंच."

पण मला लागली ती गोडी. मंगळवार आला की दस्तगीर दुकानात जाऊन यायचा आणि मला सगळा सौदा सांगायचा. त्याची रीत ठरलेली. इंजिन हातात घ्यायचं, खोट शोधायची, मोठ्यानं बोलून दाखवायची, खाली ठेवायचं, मालकाचा चहा प्यायचा आणि न घेता निघायचं. पुढच्या मंगळवारी तेच इंजिन, तीच खोट, भाव थोडा खाली. मी इथं खाटेवरून त्याला शिकवायचो, "उलटा हात फिरवलास का? चाकाच्या आतल्या बाजूनं?" तो म्हणायचा, "फिरवला रे बाबा. मालक पूछता, हकीम हो क्या." अशी एक लाल इंजिनांची जोडी आली, धुराडं मोडलेली. एक निळं आलं, त्याचा दिवा लागत नव्हता. सगळी अडलेली, पडलेली, कुणी न घेतलेली. आणि सगळी चालायची.

मग एकदा त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. काळं, लांब, मोठ्या चाकांचं, अगदी माझ्या लहानपणचं. मी फोटो सोडेना. भाव ऐकला आणि मोबाइल परत दिला. माझी दोन महिन्यांची पेन्शनही त्याला पुरली नसती. "रहने दे," मी म्हटलं. दोन-तीन मंगळवार त्यानं विषय काढला नाही. आणि एक दिवस जिन्यात खोकत, टेकत, ते काळं इंजिन पिशवीतून घेऊन आला. आधीच्या भावाच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमीत. मी इंजिन उजेडाला धरलं, उलटा हात फिरवला. रंग शाबूत, चाकं सरळ, धुराडं जाग्यावर. म्हटलं, "खोट काय?"

"खोका फाटला है."

"तेवढ्यावर एवढं सोडलं?"

"मालक बी थक गया रे गुरू. हम बी थक गए."

त्यानं ते रुळावर ठेवलं आणि मागून चिल्लर जोडलं. मी म्हटलं, त्याला कशाला, शोभा जाती. तर म्हणाला, "वजनदार है. अकेला नको दौडाऊ, घिसेगा. कर्जतच्या घाटात बघितलं नाय का, मागनं दुसरं इंजिन ढकलतंय. त्यात पुढच्या इंजिनाची इज्जत जाती का?" पटलं. मुंबईला जाताना मी ते खिडकीतून बघितलेलं. मी बटण पिळलं. काळं इंजिन निघालं... आता वाचणाऱ्याला काय सांगू. मी म्हाताऱ्या माणसानं डोळे पुसले आणि दस्तगीरला म्हटलं, पंखा बंद कर, धूळ उडतीय.

त्यानंतर तो दर खेपेला एकच सांगायला लागला. खाली चल. अल्ताफच्या कारखान्यातली पोरं आहेत, खुर्चीत बसवून पाच मिनिटांत उतरवतील, स्टेशनावर जाऊ, खरं इंजिन बघू, चहा पिऊ. मी माझं ठरलेलं वाक्य ऐकवायचो. तो चिडायचा. "तेरेकू कौन देख रहा है रे? तू क्या नवरदेव है?" मी म्हणायचो, "नवरदेव न्हाय म्हनूनच." शेवटच्या मंगळवारी तो खाटेच्या कडेला बराच वेळ बसून राहिला. पाणी मागितलं, दोनदा प्यायला. मी विचारलं, बरं वाटत नाही का. म्हणाला, "तेरा जीना लंबा होता जा रहा है." जाताना त्यानं वाकून चिल्लर नीट जोडलंय का बघितलं. नेहमीच बघायचा. सून म्हणते, मामा, ते जिन्याचं मनात आणू नका, त्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता. मी आणतो.

तो गेल्यावर गाडी बंद होती. रुळांवर धूळ बसली. लाइटीचं बिल भरून आलेल्या सिद्रामला एका रविवारी मी म्हटलं, काळं इंजिन एकटं लाव. मला वाकता येत नाही, म्हणून आजवर जोडणं-सोडणं दस्तगीरच करायचा. सिद्रामनं चिल्लर सोडवलं. मला वाटलं, एक फेरी त्याच्या नावानं, रुबाबात जाऊ दे. मी बटण पिळलं. हललं नाही. पूर्ण पिळलं. नाही. सिद्रामनं उचललं आणि म्हणाला, "अप्पा, हे लई हलकं लागतंय." उलटं केलं, पोटाची पट्टी काढली. चिल्लरच्या पोटात तारा, दाते, तांब्याचं वेटोळं. ह्याच्या पोटात काही नाही. रिकामं. "ह्याच्यात मोटारच न्हाय, अप्पा."

मी ते हातात घेऊन बसलो. उभा जन्म खोट काढण्यात गेला माझा. वरून सगळं तपासलं आणि आत बघितलं नाही. पण राग त्याचा नव्हता. राग ह्याचा होता, की ज्यानं गिऱ्हाइकाच्या नाकापुढं भोक धरलं त्यानं मला एकट्याला खोट दाखवली नाही. मी काय, गिऱ्हाइकापेक्षाही परका?

दोन दिवसांनी अल्ताफ चाळिसाव्याचं सांगायला आला. इंजिन तसंच खाटेवर उलटं पडलेलं. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. म्हटलं, "तुला म्हाईत हुतं?" म्हणाला, "मैं साथ में था, चाचा. मालकानं सांगितलं, हे नुसतं शोभेचं, चालत नाही, म्हणून स्वस्त. चालणाऱ्याच्या मागं जोडायला बनवतात. अब्बा बोले, चलेगा, पीछेसे धक्का देनेवाला है हमारे पास." मग म्हणाला, "मैं बोला, चाचा कू बता देना. अब्बा बोले, गुरू कू बोलेगा तो वो हातबी नहीं लगाएगा."

खरं होतं ते. सांगितलं असतं तर मी ते काळं इंजिन परत धाडलं असतं, आणि एक फेरीही बघितली नसती. महादेवीनं चहा आणला. अल्ताफनं पिऊन कप ठेवला, उठला, आणि दारातून, मी नाही म्हणणार हे धरूनच, हळू आवाजात म्हणाला, "चाळिसाव्याला चार पोरं धाडू का, चाचा?"

"चार नको," मी म्हटलं. "चौघांचं मी एकदाच म्हटलंय. दोघं बास. एक पुढं, एक मागं."

चाळिसाव्याला पुढं सिद्राम, मागं अल्ताफ. खुर्चीला महादेवीनं टॉवेल बांधला, मी घसरू नये म्हणून. दारं उघडली, लोक बघत होते. दुसऱ्या मजल्यावर जिथं दस्तगीर टेकायचा तिथं मी थांबवायला सांगितलं. कठड्याचा रंग तिथं घासून गेला आहे, मूठभर जागा. मी त्याच्यावरून उलटा हात फिरवला. मग म्हटलं, चला.

त्याच्या घरी भाबीनं मला बघितलं आणि पदर डोक्यावर घेत म्हणाली, "उनके पीछे उतरे. जीते जी उतरते तो चाय उनके हातकी मिलती." मी ऐकून घेतलं. तिथून कबरस्तानात नेलं, त्याच्या कबरीवर माती अजून उंच आहे. बसता आलं नाही, खुर्चीतूनच हात जोडले. तासाभरानं पुन्हा वर. येताना तिघांनाही दम लागला, त्यातला एक तर नुसता बसून होता. आणि पुन्हा तीच खोली, तीच भिंत, पलीकडे इंजिनाचा भोंगा. कडी आता महादेवी आपणहून लावत नाही, मीच तिला लाव म्हणतो.

परवा सिद्राम दुकानात चौकशी करून आला. म्हणाला, "अप्पा, काळ्या इंजिनात बसेल अशी मोटार मिळते. दुकानदार कमी भावात देतो म्हणतोय. बसवून आणू?"

मी म्हटलं, "नको. धूळ पूस रुळावरची. आणि चिल्लर लाव मागं."