कंदीलवाले, हौदवाले, शब्दवाले

“आते निवांत पडा, मेंबर. सभा सरनी.” आमच्या कब्रस्तानात एखाद्या पुढाऱ्याला, नगरपालिकेच्या मेंबरला, माती दिली, की कबर खोदणारे चाचा पंजानं ती थोपटत असं म्हणायचे.

चाचा आमचे शेजारी. गल्ली विणकरांची, नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. पूर आला की शाळा बुडायची. थोरल्या भावाची अशीच कायमची सुटली, तो मागावर बसला. माझं शाळेचं वय झालं तेव्हा बाबा म्हणाले, “याचंही तेच होणार.”

पुढाऱ्यांच्या कबरींना चाचांनी नावं दिली होती. गल्लीत कंदील लावले ते कंदीलवाले मेंबर. पाण्याचा हौद बांधला ते हौदवाले. आणि सध्याचे, हयात मेंबर? “ते शब्दवाले.” कारण हे दर निवडणुकीला चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “गल्लीत शाळा आणतो, चाचा. शब्द आहे माझा.”

ते अचानक वारले. तुम्हाला रिवाज ठाऊक असेल. जनाज्याच्या नमाजाआधी वारस विचारतो, मयताचं कुणाला काही देणं राहिलं असेल तर सांगा, नाही तर माफ करा. लोक ‘माफ केलं’ असं पुटपुटतात. त्या दिवशी मेंबरांच्या मुलानं विचारलं आणि मागून चाचा म्हणाले, “बठ्ठा माफ करोत. मी नही करस.”

सगळ्या रांगा वळल्या. मी बाबांचा हात घट्ट धरला. मौलवी म्हणाले, “चाचा, ही वेळ आहे का?”

“मंग कव्हय? पुढली निवडणूकले हाई मेंबर कोठे शेतस?”

कुणीतरी हसू दाबलं. मुलगा म्हणाला, “काय देणं आहे, चाचा?”

“शाळा. तुमना अब्बानी कबूल करेल शे. आपली गल्लीमधलं तुमनं गोदाम रिकामं शे ना?”

मुलानं जनाज्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “कबूल. ते देणं आता माझ्यावर.”

“मंग मी बी माफ करं.”

चाचांनी माती थोपटली, पण नेहमीचं वाक्य काही बोलले नाहीत. पावसाळ्याआधी गोदामात आमचा पहिला वर्ग भरला. सुटल्यावर आम्ही कब्रस्तानावरून येत होतो, तर चाचा त्या कबरीशी वाकलेले. “आते निवांत पडा, मेंबर. सभा सरनी.” तेव्हापासून ते मेंबर शाळावाले झाले.

चाचा आता मेंबरांच्या कबरींच्या रांगेच्या टोकाला आहेत. त्यांची माती मीच थोपटली. पुढे स्वातंत्र्याच्या साली मी बी. ए. झालो. आमच्या गल्लीतला पहिला, आणि त्या गोदामातल्या शाळेतलाही पहिला.